पडद्यावरची आवणी

मृग लागला तेव्हा आमच्या घरात दोघींची वाट पाहणं चालू होतं. एक सर, तिची वाट कल्याणात सगळेच पाहतात. दुसरी साकुना.

हे नाव मी पहिल्यांदा मुलीच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला ते 'सगुणा' असं ऐकू आलं. ती म्हणाली, "अब्बा, सूट लागली की मी साकुना घेणार आहे." मी म्हटलं, "सगुणा? ती तर नेरळची. भाताची नवी पद्धत." मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. "तो भाताचा खेळ आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मग उलगडा झाला. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भात पिकवण्याची एक पद्धत घडवली, तिला सगुणा पद्धत म्हणतात. मला ती ऐकून माहीत होती. मुलगी ज्या साकुनाबद्दल बोलत होती ती एक जपानी देवकन्या. कॉम्प्युटरवरच्या एका खेळाची नायिका. पण ही देवकन्याही भातच लावते. नावातला हा योगायोग मला इतका आवडला, की त्या दिवसापासून त्या खेळाची वाट मुलीपेक्षा मीच जास्त पाहू लागलो.

व्हिडिओ गेम म्हटलं की माझ्या वयाच्या माणसासमोर गोळीबार येतो, नाहीतर मोटारींची शर्यत. शेतीचाही खेळ असतो, आणि तो लाखो लोक तासन् तास खेळतात, हे ऐकून मला आधी हसू आलं होतं. ज्या कामातून सुटण्यासाठी आपल्या आईबापांनी आपल्याला शाळेत घातलं, तेच काम लोक पैसे मोजून, रात्री जागून, करमणूक म्हणून करतात!

या प्रकाराला 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. म्हणजे सोंग घ्यायचं. जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चटकन कळेल. मुखवटा चढला की तो माणूस गावातला अमका उरत नाही, तो देव होतो किंवा राक्षस होतो आणि त्या चालीनेच चालतो. या खेळांत आपण एका पात्राचा मुखवटा चढवतो. ते पात्र कष्ट करतं, चुकतं, शिकतं, हळूहळू तयार होतं. शेतीच्या खेळात मुखवटा शेतकऱ्याचा, एवढंच.

या खेळांचा जन्म कुठे झाला ते मुलीने मला सांगितलं आणि माझं हसू थांबलं. यासुहिरो वादा नावाचा एक जपानी गृहस्थ. क्यूशू बेटावरच्या मियाझाकी या गावाकडच्या भागात वाढला आणि कामासाठी तोक्योला आला. महानगराच्या धबडग्यात त्याला मागे राहिलेलं गाव आठवू लागलं. तेव्हा खेळ म्हणजे मारामारी असंच समीकरण होतं. त्याने मारामारी नसलेला खेळ करायचं ठरवलं, आणि १९९६ साली 'बोकुजो मोनोगातारी' हा खेळ आला. इंग्रजीत त्याचं नाव 'हार्वेस्ट मून' झालं. जमीन साफ करा, पेरा, पाणी घाला, गाय पाळा, गावातल्या लोकांशी ओळखी करा. बस्स.

पुढे जून २००९ मध्ये फेसबुकवर 'फार्मव्हिल' आलं. ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. वेळेवर काढलं नाही तर त्यातलं पीक वाळून जायचं, म्हणून लोक कचेरीतल्या कॉम्प्युटरवर गुपचूप कापणी करायचे. ३१ डिसेंबर २०२० रोजी ते मूळ फार्मव्हिल बंद झालं. त्याआधी फेब्रुवारी २०१६ मध्ये एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने 'स्टार्ड्यू व्हॅली' आणलं. चित्रं, संगीत, गोष्ट, सगळं त्याने एकट्याने केलं. साडेचार वर्षं लागली. त्या खेळाच्या सुरुवातीला कंपनीच्या कोंदट कचेरीत बसलेला एक नोकरदार आजोबांचं जपून ठेवलेलं पत्र उघडतो. आजोबांनी त्याच्या नावे शेत ठेवलेलं असतं. तो नोकरी सोडून तिकडे जातो. या खेळाच्या चार कोटींहून अधिक प्रती जगात खपल्या आहेत.

हे ऐकताना मला सकाळची आठ-बाराची लोकल दिसत होती. त्या डब्यात उभ्या असलेल्या कल्याण-डोंबिवलीकरांपैकी कितीजणांकडे असं पत्र आहे? कोकणातलं, घाटावरचं, खानदेशातलं घर बंद करून आलेली माणसं आपण. आजोबांचं शेत मनात प्रत्येकाच्या असतं. सातबाऱ्यावर ते कुणाचं असतं, ही गोष्ट वेगळी.

आमचंही होतं. टिटवाळ्याच्या पलीकडे, काळू नदीच्या अंगाला, साठ गुंठे भातजमीन. म्हणून मुलगी सवलतीची वाट पाहत होती, त्या तीन आठवड्यांत मी एक उद्योग केला. कॅलेंडरचं मे महिन्याचं पान उलटं करून त्यावर यादी लिहिली. भाताचा खेळ म्हणवतो, तर त्यात काय काय असलं पाहिजे? राब. बियाणं निवडणं. चिखलणी. आवणी. पाण्याचा हिशेब. बेणणी. कापणी आणि झोडणी. शेवटी सडणं. आठ कलमं झाली. मुलगी म्हणाली, "तुम्ही परीक्षा घेणार का त्या बिचारीची?" मी म्हटलं, हो. माझीच परीक्षा होणार आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

जूनच्या शेवटी सूट लागली. रात्रभर तो खेळ इंटरनेटवरून घरात उतरत राहिला. मध्येच वीज गेली, परत आली. बाहेर पावसाची झड लागली होती. सकाळी मुलगी म्हणाली, "आली."

आधी गोष्ट थोडक्यात सांगतो. एडेलवाइस या नावाच्या अगदी छोट्या गटाने, मुख्यतः दोन मित्रांनी, काही वर्षं खपून केलेला हा खेळ नोव्हेंबर २०२० मध्ये बाहेर आला. साकुना ही युद्धाच्या देवाची आणि सुगीच्या देवीची मुलगी. आईबापांच्या पुण्याईवर देवांच्या राजधानीत आयतं बसून खाणारी. माणसांच्या मुलखातून काही भुकेली माणसं चुकून देवलोकात शिरतात आणि त्या गडबडीत देवांच्या तांदळाचं कोठार जळून जातं. शिक्षा म्हणून साकुनाला त्या माणसांसह राक्षसांच्या बेटावर धाडलं जातं. तिथे तिला आईची जुनी, पडीक खाचरं मिळतात. दिवसा राक्षसांशी लढायचं, पण लढायचं बळ येणार भातातून. पीक चांगलं आलं तर साकुना बलवान, पीक बुडालं तर दुबळी. ही कल्पना जपानी असली तरी कोकणातल्या कुठल्याही आजीला ती नवी वाटणार नाही. 'भात खा, अंगात जोर येईल' हे आम्ही दुसरं काय ऐकलं?

लढाईचा भाग मुलीने घेतला. शेत माझ्याकडे आलं.

आता यादी. पहिलं कलम राब. ठाणे-रायगडकडे उन्हाळ्यात झाडांचा पालापाचोळा, शेण, गवत एका तुकड्यावर पसरून जाळतात. जमीन भाजते, तणाचं बी मरतं, राख मिळते आणि तिथेच रोपं तयार होतात. तो राब मला खेळात दिसला नाही. एक गुण कापला.

दुसरं कलम बियाणं. इथे मात्र मी खुर्चीत सरसावून बसलो. साकुना बी पाण्यात टाकते. पाणी जड केलेलं असतं. हलकं, पोचट बी वर तरंगतं, ते काढायचं, तळाला बसलेलं ठेवायचं. आपल्याकडचे कृषी अधिकारी हेच सांगतात: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवा, त्यात भाताचं बी ओता, तरंगेल ते फेका, बुडेल ते स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. मिठाच्या पाण्याची ही साधी युक्ती काळूकाठच्या शेतकऱ्यालाही उपयोगी आणि जपानी देवकन्येलाही.

खेळ निघाला तेव्हा जपानमध्ये एक गमतीची बातमी झाली होती. खेळणारे लोक अडले की सरकारी कृषी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर जाऊन भाताची माहिती वाचू लागले. खेळाची उत्तरं सरकारी पुस्तकात सापडत होती, इतका अभ्यास त्यामागे होता.

चिखलणी झाली. मग आवणी. रोपवाटिकेतून काढलेली रोपं चिखलात एकेक करून लावणं म्हणजे आवणी. कुणी तिला लावणी म्हणतं. आपल्याकडे साधारण तीन आठवड्यांचं रोप काढतात, त्याच्या मुठी बांधतात, आणि एका चुडात दोन-तीन काड्या धरून लावतात. खेळात मी जोमाने बटण दाबलं आणि साकुनाला पुढे चालवलं. मुलगी ओरडली, "अब्बा, पुढे नाही, मागे! ती मागे मागे सरत लावते."

माझा हात थांबला. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं.

१९९०च्या सुमाराची गोष्ट. मी बी.ए.च्या वर्गात होतो आणि नुकता कविता लिहू लागलो होतो. जुलैतल्या एका रविवारी गावी आवणी होती आणि ठाण्यात कवींची बैठक होती. मी बैठकीला गेलो. तिथे मी शेतावरचीच कविता वाचली. तिच्यात हिरवी रोपं लावत पुढे पुढे जाणाऱ्या बाया होत्या. टाळ्या पडल्या. पुढे ती एका दिवाळी अंकात छापून आली तेव्हा मी ती बाबांना वाचून दाखवली. ते शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "चांगलं लिहिलंस. पण आवणी करणारा मागे सरतो. पुढे गेला तर लावलेलं पायाखाली जाईल." एवढंच. का आला नाहीस, असं त्यांनी कधी विचारलं नाही.

तीस-पस्तीस वर्षं लोक मला मातीचा कवी म्हणून बोलावतात. माझ्या कवितांत खाचरं आहेत, बांध आहेत, इरली आहेत. पण खरं सांगायचं तर खाचराच्या एका कोपऱ्यापलीकडे मी कधी रोप लावलेलं नाही. बांधावर उभं राहून पाहिलेलं मी लिहीत आलो. बाबा २००१ मध्ये गेले. २००४ मध्ये आम्ही भावांनी मिळून जमीन विकली. मुलांची शिक्षणं होती, कल्याणचं घर होतं, आणि कसायला कुणी तयार नव्हतं. सही करताना माझा हात थरथरला नाही, हेही सांगतो. आज तिथे सात मजल्यांच्या दोन इमारती आहेत आणि त्यांतही आपल्यासारखीच कुठून कुठून आलेली माणसं राहतात.

त्या दिवशी पुढची आवणी मी मागे सरत केली. ओळ वाकडी आली, पण पुरी केली.

दुसऱ्या संध्याकाळी मां माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. माझी आई. वय अठ्ठ्याहत्तर. कंबरेत वाकलेली, आणि ती कशाने वाकली ते घरात सगळ्यांना माहीत आहे. तिने चष्मा लावला, पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ही पोर एकटीच लावतेय? बाकीच्या बाया कुठायत?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, खेळाकडेही नव्हतं. आवणी एकट्याने होत नाही. आमच्याकडे सावड होती. आज तुमच्या शेतात सगळे, उद्या आमच्या. शिवाय वाडीवरच्या ठाकर-कातकरी बाया मजुरीला यायच्या. वीस-पंचवीस माणसं एका रांगेत वाकायची. ओल्या चिखलात भाकरी आणि सुक्या मासळीची चटणी सगळ्यांची एकत्र व्हायची. धर्म-जात बांधावर चपलांबरोबर ठेवलेली असायची. निदान तेवढा वेळ. साकुनाच्या सोबतीला माणसं आहेत, ती पुढे हाताखाली मदतही करतात, पण ती रांग खेळात नाही.

मग मां म्हणाली, "पाणी जास्त झालंय. काढ थोडं." खेळात खाचरात पाणी किती ठेवायचं ते आपण ठरवायचं असतं. रोप लहान असताना किती, फुटवे येताना किती, ओंब्या भरताना किती, कापणीआधी केव्हा तोडायचं, हा सगळा हिशेब. आपल्याकडेही लावल्यावर दोन-चार बोटंच पाणी ठेवतात, फुटव्याच्या वेळी मध्ये काढून टाकतात, आणि कापणीच्या आठ-दहा दिवस आधी शेत कोरडं करतात. मी मांच्या सांगण्यावरून बांधाचं तोंड उघडलं. मांला अक्षरओळख नाही. पण त्या परक्या लिपीतल्या, परक्या मुलखातल्या खेळात आमच्या घरात शेती वाचता येणारी ती एकटीच होती.

पुढची कलमं भरभर सांगतो. बेणणी आहे, तण हाताने उपटावं लागतं. कापणी विळ्याने. कापलेल्या पेंढ्या दांडीवर उलट्या टांगून वाळवायच्या. आम्ही भारे बांधून खळ्यावर उडवी रचत असू. झोडणीऐवजी सुरुवातीला दोन काड्यांच्या चिमट्यात लोंब्या धरून दाणे ओढून काढायचे. हे काम इतकं चिवट आहे, की माझा अंगठा दुखला. बरं वाटलं. शेवटी उखळ-मुसळ. किती सडायचं ते आपल्या हातात: कमी सडला तर कोंड्यासकट तांबूस, जास्त सडला तर पांढरा शुभ्र, आणि दोहोंनी येणारं बळ वेगळं. हातसडीच्या तांदळाचा हा गुण मुलीला डॉक्टरांनी सांगितला होता. साकुनाने तो पटवला.

खेळातलं वर्ष बारा दिवसांचं, एकेक ऋतू तीन दिवसांचा. पहिलं पीक बेताचंच आलं. आठपैकी सात कलमं मात्र खेळाने पुरी केली. माझ्या यादीत नव्हतं ते मी नंतर लिहिलं. या खेळात सातबारा नाही. भावांच्या वाटण्या नाहीत. बियाण्याची उधारी नाही, हमीभावाची वाट पाहणं नाही, आणि कापणीच्या तोंडावर आलेल्या अवकाळीने कुजलेला भात नाही. गोणीचा भाव पाडणारा व्यापारी नाही. साकुनाची जमीन कुणी मागायला येत नाही, म्हणून तिला ती विकावी की नको, हा प्रश्नच पडत नाही. खऱ्या शेतकऱ्याचा अर्धा जीव याच प्रश्नांत जातो. शेतीची मेहनत खेळात पुरेपूर आहे, पण शेतकऱ्याची काळजी नाही. म्हणून तर तो खेळ आहे.

आणखी एक गोष्ट. मी आवणीच्या आठवणीने हळवा होत होतो, तेव्हा मला पुन्हा नेरळची सगुणा आठवली. त्या पद्धतीत गादीवाफे करतात, त्यांवर भाताचं बी थेट टोकतात. दर वर्षीची नांगरणी नाही, चिखलणी नाही, आवणी नाही. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी गहिवरलो, ती टाळण्याची वाट शेतकरी शोधतो आहे. का? मजूर मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, आणि मांची कंबर पाहिली की उरलेलं कारण कळतं. मी मांला ही पद्धत समजावून सांगितली. ती म्हणाली, "आधी का नाही काढली?" तिच्या आवाजात गहिवर बिलकुल नव्हता.

तेव्हा साकुनाने मला काय दिलं? गेलेली जमीन तर दिली नाही. गावाची आठवण माझ्याकडे होतीच, जरा जास्तच होती. तिने मला बांधावरून खाली उतरवलं. रोप हातात घ्या, मागे सरा, वाट पहा, चुकलं तर पुढच्या वर्षी पुन्हा, एवढं तिने शिकवलं. आणि आम्ही तिघं, जी एरवी तीन खोल्यांत तीन वेगवेगळे पडदे पाहतो, ती एका खाचराभोवती जमलो.

तुमच्या घरातलं मूल असा एखादा शेतीचा खेळ खेळत असेल तर एक संध्याकाळ त्याच्या शेजारी बसा. ते काय पेरतंय ते विचारा. घरात वडीलधारं कुणी असेल तर त्यांनाही बोलवा. बहुधा तेच जास्त बोलतील. आणि जुलैत एखाद्या रविवारी कल्याणहून कसारा किंवा कर्जत गाडी धरा. खडवली, वाशिंद, वांगणी, नेरळ, कुठेही उतरा. रुळांपासून लांब जावं लागणार नाही. शेतकऱ्याला विचारून एक ओळ लावून पाहा. फोटो नंतर काढा.

आमच्याकडे पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पिकाची आवणी आहे. रोपं दाट लावावीत की विरळ, यावर घरात मतभेद आहेत. मुलगी दाट म्हणते, मां विरळ म्हणते. मी या वेळी मत दिलेलं नाही. फक्त त्या जुन्या कवितेतली ओळ दुरुस्त करून ठेवली आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)